शिंगाच्या हद्दीत

बॅग नवी होती, काळी होती, चामड्याची होती आणि दिवाळीच्या बोनसमधून मी माझ्या पैशांनी घेतली होती. किंमत मी नवऱ्यालाही खरी सांगितलेली नाही, त्यामुळे तुम्ही विचारू नका. परवा रात्री गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर तिला एका म्हशीचं शिंग लागलं आणि चेनच्या खालून पार कडेपर्यंत वीतभर आडवा ओरखडा उमटला.

मला खरं तर दूध प्यायचंच नव्हतं. पण कोल्हापुरात पाहुणा आला की अंबाबाई, रंकाळा, तांबडा-पांढरा आणि जेवणानंतर कट्टा, हा क्रम ठरलेला आहे. तिथे म्हशी आणून बांधतात, तुमच्या डोळ्यांदेखत धार काढतात आणि फेसाळ ग्लास हातात देतात. पुण्याहून आलेल्या नणंदेलाही दूध नको होतं, तिला रील हवी होती. "वहिनी, जरा मागे सरका ना, म्हैस पूर्ण येत नाहीये." मी सरकले. म्हैस पूर्ण आली.

पंढरपुरी म्हैस ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. या जातीची शिंगं तलवारीसारखी लांबच लांब, मागे खांद्यापर्यंत गेलेली असतात. म्हशीला माशी बसली गळ्यावर. तिने मान हलवली. बस्स. तिच्या बाजूने विषय तिथेच संपला.

माझ्या बाजूने सुरू झाला. मालक खाली उकिडवे बसून धार काढत होते. बनियन, खांद्यावर टॉवेल. मी म्हटलं, "ओ मामा, बघा काय केलं तुमच्या म्हशीनं!" मामांनी धार थांबवली नाही. वर न बघताच म्हणाले, "सोनी कुणाला मारत न्हाई."

"मारलं नाही हो, ओरखडलं. ही बघा बॅग."

"तुमी कुठं हुब्या हुता?"

"इथेच."

"मग तुमी शिंगाच्या हद्दीत हुता." एवढं बोलून ते पुन्हा धारेला लागले. जणू सात-बारावर शिंगाची हद्द नोंदवलेली होती आणि मी अतिक्रमण केलं होतं.

मला फक्त एक 'चुकलं हो ताई' हवं होतं. नुकसानभरपाई कुणी मागितली होती? पण आपल्याकडे माणूस चूक सोडून सगळं कबूल करतो. मी हटले नाही. ग्लास भरला, गिऱ्हाइकाला दिला, मग मामा उठले, टॉवेलला हात पुसले आणि म्हणाले, "आणा हिकडं."

बॅग त्यांनी दिव्याखाली धरली. अंगठ्यानं दाबली. नाकाला लावून वास घेतला. मग निकाल दिला, "ह्ये कातडं न्हवं."

"मामा, अस्सल बफेलो लेदर आहे. आत लिहिलंय."

"म्हशीच्या अंगावर केस असत्यात का न्हाई?"

"असतात."

"मग ह्येच्यावर केसांची भोकं कुठायत?"

कट्ट्यावर दूध पिणारी सात-आठ माणसं होती. ती सगळी पांढऱ्या मिश्यांनिशी जवळ आली. मामांनी सोनीच्या मानेवरचे केस दोन बोटांनी बाजूला केले आणि बॅग तिथेच शेजारी टेकवली. खाली विरळ, ठळक छिद्रं दिसत होती, प्रत्येकातून एक राठ केस. शेजारी माझी बॅग गुळगुळीत, त्यावर अगदी एकसारखी रवाळ नक्षी, टोकापासून टोकापर्यंत. "बघा," मामा जमावाला म्हणाले. "सोनीनं म्हशीला शिंग लावलं असतं तर मला कळलं नसतं व्हय? प्लॅस्टिकला लागलं, म्हणून वरखडा आला." जमावाने माना डोलावल्या. एकाने माझ्या बॅगेला नखही लावून बघितलं. हो, नख! ओरखडा पडलेल्या बॅगेला!

मग मामांनी सोनीच्या पाठीवरचा एक जुना व्रण दाखवला. "काटेरी तार लागलीती. हळद आन् त्याल लावलं, झालं. म्या काय कंपनीला फोन केला?" माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी, कारण त्यांनी न मागता अर्धा ग्लास दूध माझ्या हातात दिलं. मला वाटलं, चला, ही माफीच म्हणायची. निघताना त्यांनी त्याचे पैसे लावले.

नणंदेच्या रीलवर हा सगळा प्रकार आहे. तिला लाईक भरपूर मिळताहेत.

घरी उपचार सुरू झाले. सासूबाईंनी खोबरेल तेल चोळलं. ते आत जिरलंच नाही, वर तवंग राहिला आणि सकाळपर्यंत त्यावर धूळ बसली. नवऱ्याने टूथपेस्ट लावली. टूथपेस्टमध्ये घासायची पूड असते, तिने ओरखड्याच्या आजूबाजूची चकाकीही नेली. म्हणजे आधी एक रेघ होती, आता रेघेला अंगण मिळालं. मग काळं बूटपॉलिश. ते छान बसलं आणि ऑफिसात पोचेपर्यंत माझ्या मोतिया कुर्त्यावर उतरलं.

कंपनीला फोन केला. (होय मामा, केला.) बाईंनी गोड आवाजात विचारलं, नुकसान कशाने झालं? किल्ली, दागिना की पाळीव प्राणी? मी म्हटलं, प्राणी, पण माझा नाही. मांजर की कुत्रा? म्हैस. पलीकडे टाइप करण्याचा आवाज थांबला. मग सांगण्यात आलं की चामड्यावरच्या खुणा हे त्याचं नैसर्गिक वैशिष्ट्य असून वॉरंटीत बसत नाही. मी म्हटलं, खूण जिवंत म्हशीवर पडली तर नैसर्गिक. माझ्या बॅगेवर ती तुमच्या दुकानातून बाहेर पडल्यावर पडली आहे. बाईंनी कॉलला पाच पैकी किती गुण द्याल असं विचारलं.

शेवटी चप्पल लाईनला, म्हणजे आमच्या चपलांच्या बाजारात गेले. दुकानाच्या पायरीवर एक म्हातारे कारागीर चपलेचा कान शिवत होते. त्यांनी बॅग हातात घेतली, ओरखड्यावर पाण्याचा थेंब सोडला, मग शेजारच्या साफ भागावर. साफ भागावर थेंब तसाच गोल बसून राहिला. ओरखड्यात मात्र पसरला. "चामडंच हाय," ते म्हणाले, आणि माझा जीव भांड्यात पडतोय तोवर पुढे, "पण वरचं तोंड घासून काढलंय. डाग, छिद्रं सगळी गेली. मग रंगाचा थर दिला आन् ठसा मारला. तुमचा वरखडा चामड्याला नाही, थराला आलाय." म्हणजे मामा निम्मे बरोबर होते. मला त्याचंच जास्त लागलं.

त्यांनी शिवत असलेली चप्पल पुढे केली. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं चामडं. त्यावर नखाने रेघ ओढली, अंगठ्याने चोळली. रेघ जवळजवळ गेली. असल्या चामड्याला तेलाचा हात पुरतो म्हणे, थराला नाही. थराला रंगच लागतो. माझ्या बॅगेच्या किमतीत असे चपलांचे किती जोड आले असते याचा हिशेब मी डोक्यात सुरू केला आणि लगेच बंद केला.

इथे मला चिडायचंय, चिडू द्या. या कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तशाच दिसणाऱ्या चपला चालवल्या, तेव्हा आमच्या ग्रुपवर अख्खं गाव पेटून उठलं होतं. आमची चप्पल, आमचे कारागीर! त्या पेटलेल्या ग्रुपमधलेच एक गृहस्थ माझ्या पुढे उभे होते आणि चपलेचा तुटलेला अंगठा शिवायच्या मजुरीत दहा रुपये कमी करा म्हणून पाच मिनिटं हुज्जत घालत होते. शिवाय घासलेल्या चामड्याला 'अस्सल' लिहून काचेच्या दुकानात विकता येतं. तिथे कोण दहा रुपये कमी करून मागतो? मीही नाही मागितले.

म्हाताऱ्यांनी स्पिरिटने माझ्या घरच्यांचे उपचार पुसून काढले, भेगेत लुकण भरलं, घासलं, दोन काळ्या रंगांत तिसरा जरासा तपकिरी मिसळला, कारण माझी काळी बॅग म्हणे काळी नव्हती. बोटाला फडकं गुंडाळून थर दिले. उन्हात तिरकी धरली तरच कळतं. मजुरी ऐकून मी घासाघीस केली नाही, हे नोंदवून ठेवते.

"तासभर चेनला हात लावू नका," ते म्हणाले. "रंग वला हाय."

गाडीची किल्ली आत होती. पाकीटही आत. मी पायरीवर बसले, आणि येणाराजाणारा प्रत्येक जण थांबून विचारायला लागला, "ताई, ही केवढ्याला?"