लेबल लावून काय होतंय?

ओपन सोर्स प्रोजेक्टवर, म्हणजे ज्याचा कोड कुणीही बघून सुधारू शकतं अशा सॉफ्टवेअरवर, एक लेख वाचला; "सोप्या इश्यूंना (नोंदवलेल्या कामांना) 'गुड फर्स्ट इश्यू'चं लेबल लावलं की नवीन लोक येतात" हे त्यातलं काही पटलं नाही बुवा. कोथरूडच्या रूमवर मी आणि रूममेट अख्खा रविवार अशाच एका प्रोजेक्टचा सेटअप करत, म्हणजे तो आपल्या मशीनवर चालू करत बसलो, रीडमीत (माहितीच्या फाइलीत) नोडचं, म्हणजे ज्यावर तो चालतो त्या सॉफ्टवेअरचं, व्हर्जनच नाही, डेटाबेसची कमांड जुनी, इश्यूपर्यंत पोचलोच नाही, अमृततुल्यचे चार चहा मात्र झाले.

गिटहब या कोड ठेवायच्या साइटच्या २०१७ च्या ओपन सोर्स सर्व्हेत ९३ टक्के लोकांना अपुरं किंवा जुनं डॉक्युमेंटेशन हा प्रॉब्लेम वाटला होता, आणि ६० टक्के काँट्रिब्युटर म्हणे त्यात क्वचितच किंवा कधीच हात घालत नाहीत, घ्या! मेंटेनरच्या, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याच्या मशीनवर सगळं आधीच चालू असतं, त्याला खड्डे दिसणार कसे? ते नव्यालाच दिसतात, मग त्याची पहिली पुल रिक्वेस्ट (सुचवलेला बदल) सेटअपच्या पानावरची असू द्या की, फक्त ती 'किरकोळ' म्हणून दोन महिने लटकवू नका.