गट नंबर सांग की

रविवारी गोडोली तळ्याच्या कट्ट्यावर सगळे जमलो होतो. तुकडेबंदी, म्हणजे जमिनीचे बारके तुकडे करून विकायला बंदी घालणारा कायदा, सैल झाल्याची बातमी आल्यापासून बंटीचं स्टेटस दर तासाला बदलतंय, त्यामुळं विषय काढायची गरजच पडली नाही, आल्या आल्या त्यानं मोबाईल अवध्याच्या नाकासमोर धरला. "हायवे टच, कास व्ह्यू, क्लिअर टायटल. बोला सर!"

बंटी एरवी आम्हाला शिव्या घालतो पण प्लॉटचा विषय निघाला की सर म्हणतो, आणि दिवेलागणीला सुद्धा गॉगल काढत नाही.

संज्या म्हणाला, "हायवे गावाच्या एका टोकाला, कास दुसऱ्या टोकाला. प्लॉट नक्की कुठल्या टोकाला हाय तेवढं सांग."

संज्या रजिस्टर ऑफिसच्या बाहेर दस्त टाईप करतो, सोळा वर्षं झाली. लोकांची खरेदीखतं टाईप करून करून त्याला माणूस बघितला की कळतं हा फसणार का नाही, आणि अवध्या फसणार होता. आठ लाख साठवलेत, बायकोची भिशी धरून, आणि "कुठंतरी सुरुवात तर करायला पाहिजे ना" एवढंच त्याचं चाललेलं.

"मग ह्याच आठवड्यात घे," बंटी. "आता कायदा सुटलाय, गुंठा गुंठा मोकळा. दोन वर्षात डबल."

"१९४७ चा कायदा तुझ्या स्टेटसनं सुटला व्हय रं?" संज्या म्हणाला. " ती सवलत रहिवासी भागाला हाय, शेत ते शेतच. आणि अवध्याचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर न्हाय, शेतकरी नसताना शेतजमीन कशी घेणार तो?"

"ते करू की ॲडजस्ट. नोटरी करून देतो."

इथं मी मधे पडलो, कारण हे आमच्या घरात घडलंय. आप्पांनी २०११ साली असेच दोन गुंठे घेतले, शंभराच्या स्टँपवर नोटरी. कागद लॅमिनेट करून देवघराच्या वरच्या फळीवर ठेवलेला, कोपऱ्यातला लाल गोल शिक्का अजून ताजा दिसतो. आप्पा गेले, वारसनोंद लावायला गेलो तर आप्पांचंच नाव सातबाऱ्यावर नाही, मूळ मालक आणि त्याच्या तीन बहिणी आहेत. आई अजून दर दसऱ्याला त्या जागेवर जाऊन नारळ फोडते. मला तिला सांगवत नाही.

क्षणभर कोणी बोललं नाही. मग संज्या अवध्याला म्हणाला, "ऐक. शंभर रुपयांच्या वरची जागा विकत घ्यायची तर दस्त रजिस्टरच करावा लागतो, १९०८ पासून हाय हे. नोटरीचा शिक्का म्हंजे सही तूच केलीस एवढंच. जागा तुझी झाली असं त्यात कुठंच न्हाय."

अवध्यानं मग फ्लॅटचं काढलं. मुश्ताकनं त्याच्या भावाचा हिशोबच मांडला, २४ लाखाचं लोन, २० वर्षं, हप्ता जवळजवळ २१ हजार आणि भाडं येतंय ८ हजार. वरचे १३ दर महिन्याला खिशातून. "भाडेकरू माझ्या भावाच्या घरात राहतो आणि माझा भाऊ त्याच्यासाठी ओव्हरटाईम करतो," मुश्ताक म्हणाला.

"म्हणूनच प्लॉट!" बंटी उसळला. "गुंठा म्हणजे सोनं, सर."

"गुंठा म्हंजे १०८९ स्क्वेअर फूट, तेहतीस बाय तेहतीस," संज्या म्हणाला. " तुझ्यात रस्ता सोडून किती उरतो?"

बंटीनं उत्तर दिलं नाही, चहा सांगितला.

संज्यानं मात्र अवध्याला सोडलं नाही, आणि मला ते आवडलं. म्हणाला, पहिला पैसा जागेवर घालू नको, कागदावर घाल. सातबारा काढ, इतर हक्कात बँकेचा बोजा हाय का, कुळ हाय का, भोगवटादार वर्ग दोन, म्हंजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, तर न्हाय ना ते बघ, फेरफार, म्हंजे मालकी बदलल्याच्या नोंदी, मागं मागं वाचत जा. वकिलाकडनं जुन्या व्यवहारांचा तीस वर्षांचा सर्च घे. प्लॉटिंग मोठं असलं तर महारेराचा, म्हंजे बिल्डर-प्लॉटवाल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नंबर माग. आणि जागेवर पावसाळ्यात जा, उन्हाळ्यात सगळ्याच जागेला रस्ता असतो.

"ह्याला कुणी घेतलेलं बघवत नाही," बंटी. "दहावीपासून असाच हाय."

"दहावीचं काढू नको. प्रतापगडच्या सहलीला माणशी शंभर गोळा केलेस आणि गाडी मेढ्यात थांबवलीस. मेढ्यात! वडापाव चारून परत आणलंस. त्या पैशाचा फेरफार अजून झाला न्हाय!"

मुश्ताकच्या नाकातनं चहा आला. बंटी सुद्धा हसला, गॉगल वर सारून म्हणाला गाडी गरम झाली होती बाबा, त्यावर तिघं एकदम बोंबलले की गाडी तुझ्याच मामाची होती.

तेवढ्यात अवध्यानं मोबाईल काढला. "डिजिटल सातबारा १५ रुपयात निघतो म्हणतात. बंट्या, तुझ्या त्या प्लॉटचा गट नंबर सांग की."

बंटीनं गॉगल परत खाली घेतला. "गट नंबर... तो टोकन दिल्यावर मिळतो, सर."

संज्या कट्ट्यावरनं खालीच बसला हसून हसून. चहावाला विचारत होता काय झालं काय झालं, आणि सांगायच्या अवस्थेत कोणीच नव्हतं.