पॅनल बसवा, पण आधी परसातल्या चुलीकडे बघा

गावात सध्या ज्याच्या त्याच्या तोंडी सोलर आहे. केंद्राच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत छतावरच्या विजेच्या पॅनलसाठी एका किलोवॅटला 30 हजार, दोनला 60 आणि तीनला 78 हजार अनुदान मिळतं, म्हणून फॉर्म भरायची घाई चालली आहे. चांगलंच आहे. विजेसाठी जळणारा कोळसा आपल्याच विदर्भातल्या चंद्रपूर-वणीच्या जमिनीतून निघतो, राख आपल्याकडेच राहते, आणि भर मे महिन्यात लाईट गेली की कूलर बंद पडून रात्रभर रडणारी लेकरंही आपलीच.

तरी माझं स्पष्ट मत आहे, खेड्यातल्या घराने पहिला पैसा गरम पाण्याच्या सोलरवर घालावा. विजेचं पॅनल त्यानंतर.

हे बोललं की उत्तर ठरलेलं. “पाणी तं फुकटात तापते, पऱ्हाट्या हायेतच ना!”

फुकटात? शेतातून पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांच्या, मोळ्या डोक्यावर कोण आणतं? पहाटे उठून परसात चूल फुंकत सगळ्या घराच्या अंघोळीच्या पाण्याचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, कोण तापवतं? गॅस घरोघरी आला, पण सिलिंडर पुरवून पुरवून वापरायचं म्हणून अंघोळीचं पाणी चुलीवरच राहिलं. माझ्या सासूबाईंचे डोळे थंडीभर लाल असायचे. पदराची घडी करून त्या उकळता गंज उतरवायच्या, आणि त्या पदराला कायम धुराचा वास. ही मेहनत विजेच्या बिलात छापून येत नाही, म्हणून घरच्या कर्त्या पुरुषाला ती खर्च वाटतच नाही. पॅनलला आधी पैसे निघतात ते यामुळेच. बिल दिसतं, बाई दिसत नाही.

आणि तो पऱ्हाटीचा ढीग! कृषी विभाग दरवर्षी सांगतो की पऱ्हाट्या घराजवळ रचून ठेवू नका, किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी तग धरते आणि पुढच्या हंगामात पुन्हा कपाशीवर येते. 2017 मध्ये बोंडअळीने काय केलं ते यवतमाळपासून अकोल्यापर्यंत कुणी विसरलेलं नाही. तरी ढीग रचला जातोच, कारण थंडीत पाणी तापवायचं आहे.

आता हिशेब बघा. 100 लिटर पाणी 20 अंशांवरून 50 अंशांवर न्यायला साधारण साडेतीन युनिट लागतात. एक किलोवॅटचं पॅनल दिवसाला सरासरी चार युनिट देतं. म्हणजे पॅनल बसवून गीझर लावला तर जवळजवळ सगळी कमाई अंघोळीतच गेली. गरम पाण्याचा सोलर, म्हणजे छतावरचा काचेच्या नळ्यांचा हीटर, उन्हाची उष्णता सरळ पाण्याला देतो. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप टाकीत चढतं, त्याला ना मोटार लागते ना लाईट. आणि बिनबॅटरीचं पॅनल मात्र गावची लाईट गेली की भर उन्हातही बंद पडतं. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. विकणारे हे सहसा सांगत नाहीत, आणि माणूस पहिल्या उन्हाळ्यात चक्रावतो.

उन्हाळ्यात हीटरचा काय उपयोग, असं विचारणाऱ्यांचं चूक नाही. एप्रिल-मेमध्ये टाकीचंच पाणी चटके देतं, तेव्हा नळ्या झाकून ठेवाव्या लागतात. पावसाळ्यात आभाळ भरलं की पाणी कोमटच मिळतं. पण आपली थंडी कोरडी असते. पहाटे पारा दहाच्या आसपास आणि दिवसभर लख्ख ऊन, हीटरला आणखी काय पाहिजे? घरात बाळंतीण असेल, गुडघे धरलेली म्हातारी असेल, तर त्या चार महिन्यांतच तो घेतल्याचं सार्थक होतं.

दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरकडच्या खारपाणपट्ट्यातल्या लोकांनी एक जपावं. बोअरचं पाणी हीटरमध्ये सोडू नका, क्षार बसून नळ्या भरतात आणि टाकी गंजते. नळयोजनेचं गोडं पाणी जोडा. तशी सोय नसेल तर हीट एक्स्चेंजरवाला हीटर मागा, म्हणजे ज्यात वापरायचं पाणी नळ्यांत न जाता वेगळंच तापतं, महाग पडला तरी. रिकाम्या, तापलेल्या नळ्यांत भरदुपारी थंड पाणी सोडलं तर काच तडकते, म्हणून पहिल्यांदा भरायचं ते सकाळी ऊन चढायच्या आधी. आणि माकडांचा त्रास असलेल्या गावात वरून जाळी पाहिजेच.

पॅनलला 78 हजार देणाऱ्या सरकारने या हीटरलाही हात द्यावा, निदान घरकुलांसाठी तरी. यंदाच्या ग्रामसभेत हा ठराव मी मांडणार आहे. तुमच्या गावातही कुणीतरी मांडा, आणि त्या दिवशी घरच्या बायांना सभेला सोबत घेऊन या.