एलसी-एमएसची ती 'रेडिमेड सेटिंग' मेथडला लावण्याआधी हे वाचा

एलसी-एमएस, म्हणजे नमुन्यातले रेणू कॉलमवर वेगळे करून त्यांचे आयन वस्तुमानाप्रमाणे मोजणारं मशीन, चालवणाऱ्या लॅबवाल्यांच्या ग्रुप्सवर एक मेसेज परत परत फिरतोय, 'ट्रिपल क्वाडच्या डेटा अक्विझिशनचे सोनेरी नियम, कुठल्याही कंपनीच्या मशीनवर चालतात' असा (ट्रिपल क्वाड म्हणजे ठरावीक आयन निवडून, फोडून, तुकडे मोजणारा त्यातला प्रकार). थोडक्यात त्यात काय आहे तर ड्वेल टाइम (मशीन एका आयनकडे एका वेळी किती वेळ बघतं तो) कमीत कमी 50 मिलिसेकंद ठेवा, शेड्युलिंगच्या (प्रत्येक मॉलिक्यूल फक्त तो येतो त्या वेळेच्या आसपास मोजण्याच्या) नादी लागू नका, कोलिजन एनर्जी (आयन फोडायची ऊर्जा) पेपरमधून उचला, सोर्स (जिथे द्रवातून आयन बनतात) एकदा सिरिंजने ट्यून केला की परत हात लावू नका, कॉलममधून येणारी पहिली दीड मिनिटं वेस्टला सोडा, आणि हाय रेझोल्यूशन मशीन (अगदी जवळची वस्तुमानं वेगळी दाखवणारं) असेल तर रेझोल्यूशन फुल्ल आणि स्कॅन रेंज 50 ते 2000. नवीन जॉइन झालेली एमएस्सीची पोरं याचा प्रिंटआउट काढून मशीनशेजारी चिकटवतात म्हणून हे लिहितोय. यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुठल्यातरी एका मेथडसाठी बरोबर असू शकतं, पण तिथून उचलून ते सगळ्यांच्या गळ्यात मारलंय, घोळ तिथे आहे.

माझं काम द्राक्षातल्या कीटकनाशक अवशेषांचं, त्यामुळे उदाहरणं बरीचशी तिथलीच येतील.

'ड्वेल टाइम जितका जास्त तितकी सेन्सिटिव्हिटी जास्त, 50 च्या खाली जाऊ नका'

हा सगळ्यात जास्त नुकसान करणारा मुद्दा आहे म्हणून जरा सविस्तर बोलू. समजा मल्टिरेसिड्यू मेथडमध्ये 200 कीटकनाशकं आहेत, प्रत्येकाचे दोन ट्रान्झिशन (मूळ आयन आणि तो फुटल्यावरचा तुकडा अशी जोडी), म्हणजे झाले 400. प्रत्येकाला 50 मिलिसेकंद ड्वेल आणि मधला पॉज 5 मिलिसेकंद धरा, 400 गुणिले 55 म्हणजे 22,000 मिलिसेकंद, 22 सेकंद. म्हणजे मशीन एका ट्रान्झिशनकडे एकदा बघून गेलं की परत 22 सेकंदांनी येणार. आणि आजकाल आपण वापरतो त्या 2.1 मिलिमीटरच्या बारीक कणांच्या कॉलमवर पीक पायथ्याशी असतो साधारण 6 सेकंदांचा. पीक येऊन निघून जातो आणि मशीनला पत्ताच नसतो. सगळ्या ट्रान्झिशनवरून मारलेली ही एक फेरी म्हणजे सायकल टाइम, आणि तो वाडीला आलेला एकच टँकर आहे, घरं वाढली की प्रत्येकाच्या वाट्याची घागर कमी होणार, आणि आधी कुणीतरी घरं मोजायला पाहिजेत.

हिशोब उलटीकडून करा. पीक 6 सेकंदांचा, त्यावर 12 पॉइंट हवेत (पीक येऊन जाईपर्यंत तो 12 वेळा मोजला जायला हवा), म्हणजे सायकल अर्ध्या सेकंदाची. 50 चा ड्वेल धरून बसलात तर अर्ध्या सेकंदात जेमतेम 9 ट्रान्झिशन बसतात. चार-पाच मॉलिक्यूलची छोटी मेथड असेल, बायोअॅनालिटिकलमध्ये असते तशी एक ड्रग आणि एक इंटर्नल स्टँडर्ड, तर खुशाल 50 काय 100 ठेवा. 400 ट्रान्झिशनला ते गणित लागू होत नाही.

बरं ड्वेल कमी केल्याने नक्की किती जातं? आयन मोजण्याचा जो मूळचा नॉइज आहे तो वर्गमुळाने चालतो, म्हणजे ड्वेल चौपट कमी केला तर सिग्नल टू नॉइज साधारण अर्धा होतो, चौथा हिस्सा होत नाही. 50 वरून 12 वर आलात तर निम्मं गमावलं, पण त्या बदल्यात पीकवर पॉइंट आले. तरुण मंडळींना वाटतं की ड्वेल कमी म्हणजे सेन्सिटिव्हिटी मेलीच, तसं नाहीये, आताच्या मशीन 5 मिलिसेकंदला सुद्धा व्यवस्थित चालतात.

आणि पॉइंटबद्दल पण अतिरेक नको. 12 ते 15 म्हणतात ते ठीकच, पण सरळ सुंदर पीक असेल तर 8 पॉइंटला सुद्धा एरिया बरा येतो. 3-4 वर आलात की मात्र खेळ संपला, कारण पॉइंट पीकच्या माथ्यावर पडला की उतारावर पडला यावर एरिया ठरायला लागतो, त्याच व्हायलमधून सहा इंजेक्शन मारा आणि आरएसडी (आकडे एकमेकांपासून किती टक्के हलतात ते) बघा, समजेल. त्यातून क्वांटिफायर (प्रमाण काढायचा ट्रान्झिशन) आणि क्वालिफायर (ओळख पटवायचा दुसरा) एकाच क्षणी मोजले जात नाहीत, एकामागून एक मोजले जातात, मग सायकल लांबली की एक चढावर मोजला जातो आणि दुसरा माथ्यावर, आणि त्या दोघांचा आयन रेशो हलतो. कीटकनाशक अवशेष तपासणीच्या युरोपियन युनियनच्या सँटे गाइडलाइनमध्ये आयन रेशोला ±30 टक्के सूट आहे, तरी लोकांचे रेशो फेल होतात आणि मग बिचाऱ्या मॅट्रिक्सला (नमुन्यातल्या बाकीच्या सगळ्या घटकांना) शिव्या बसतात.

'शेड्युलिंग करू नका, रिटेन्शन टाइम हलला की पीक विंडोबाहेर जातो'

रिटेन्शन टाइम म्हणजे पीक कॉलममधून बाहेर पडायची वेळ. भीती खरी आहे, उपाय चुकीचा आहे. वरचेच 400 ट्रान्झिशन 20 मिनिटांच्या रनमध्ये एकेक मिनिटाच्या विंडोत बसवले तर एका वेळी सरासरी 20 चालू असतात, ग्रेडियंटच्या (रनभर बदलत जाणाऱ्या सॉल्व्हंटच्या) मधल्या गर्दीत धरा 60. 60 गुणिले 8 मिलिसेकंद, म्हणजे 5 ड्वेल आणि 3 पॉज, 480 मिलिसेकंद, झाली अर्ध्या सेकंदाची सायकल. शेड्युल न करता हे गणित बसवून दाखवा.

आता रिटेन्शन टाइम हलण्याचं. त्याच सँटे गाइडलाइनप्रमाणे नमुन्यातला रिटेन्शन टाइम स्टँडर्डच्या ±0.1 मिनिटाच्या आत हवा. तुमचा पीक एक मिनिटाच्या विंडोतून बाहेर पडतोय म्हणजे अर्धा मिनिट सरकलाय, तो तसाही आयडेंटिफिकेशनला फेल आहे. तिथे दुखणं एलसीचं आहे, मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारा सॉल्व्हंट), कॉलम ओव्हन, लीक, गार्ड कॉलम, ते बघा. विंडो सगळीकडे उघडी ठेवली तर ते दुखणं फक्त झाकलं जातं.

'पहिली दीड मिनिटं वेस्टला सोडा, सोर्स स्वच्छ राहतो'

सोर्स स्वच्छ राहतो हे खरं. पण 2010 साली भारतातून युरोपला गेलेल्या द्राक्षांचं काय झालं ते नाशिक-सांगलीकडे अजून कुणी विसरलेलं नाही, क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे वेलीची वाढ रोखायचं औषध, ज्याला शेतकरी सीसीसी किंवा नुसतं लिहोसिन म्हणतात, त्याचे अवशेष तिकडे सापडले आणि माल अडकला, आणि आपल्याकडे तेव्हा ते तपासणीच्या यादीतच नव्हतं. आता हा मॉलिक्यूल कसा आहे बघा, कायमचा धनभारित, साध्या सी-18 कॉलमवर थांबतच नाही, डेड व्हॉल्यूमबरोबर, म्हणजे न थांबता सरळ येणाऱ्या पहिल्या द्रवाबरोबर, बाहेर पडतो. 100 मिलिमीटरचा कॉलम आणि 0.4 मिलि प्रति मिनिट फ्लो धरला तर साधारण अर्ध्या-पाऊण मिनिटात. डायव्हर्ट व्हॉल्व्ह (द्रव वेस्टला किंवा मशीनला वळवणारा) दीड मिनिटाला मशीनकडे वळवलात की 122 वरून 58 आणि 122 वरून 63 हे दोन्ही ट्रान्झिशन मेथडमध्ये असूनही पूर्ण मॉलिक्यूल ड्रेनच्या बाटलीत, आणि रिपोर्टवर 'आढळला नाही'. तो रिपोर्ट घेऊन कंटेनर निघतो. म्हणून अशा पोलर मॉलिक्यूलना वेगळी मेथड लावतात, पोलर मॉलिक्यूल धरून ठेवणाऱ्या हिलिक कॉलमवर. आणि डायव्हर्टची वेळ ठरवायची ती यादीतला सगळ्यात पहिला पीक कधी येतो ते बघून.

'कोलिजन एनर्जी पेपरमधून घ्या, वेळ वाचतो'

सुरुवात म्हणून घ्या, फायनल म्हणून नको. काही कंपन्यांच्या मशीनमध्ये कोलिजन गॅस (ज्याच्यावर आपटून आयन फुटतो) आर्गॉन असतो, काहींत नायट्रोजन. 400 वस्तुमानाचा आयन 30 ईव्हीने ढकलला तर आर्गॉनबरोबरच्या टकरीत कामाची ऊर्जा होते 30 गुणिले 40 भागिले 440, म्हणजे साधारण 2.7, आणि नायट्रोजनबरोबर 30 गुणिले 28 भागिले 428, म्हणजे साधारण 2. तेवढीच ऊर्जा नायट्रोजनमध्ये हवी असेल तर आकडा 42 च्या आसपास लागेल. हे फक्त पहिल्या टकरीचं, सेलची लांबी आणि गॅसचं प्रेशर अजून धरलेलंच नाही. त्यापेक्षा 5 ते 60 पर्यंत पाच-पाचच्या टप्प्याने रॅम्प लावा, माथा दिसला की त्याच्या आजूबाजूला दोन-दोनने फिरा, एका मॉलिक्यूलला काही मिनिटं लागतात, सॉफ्टवेअर बरंचसं आपोआप करतं.

सॉफ्टवेअर जे करत नाही ते म्हणजे विचार. ऑटोट्यूनला सगळ्यात उंच आयन आवडतो. अॅबामेक्टिन या कीटकनाशकाचं बघा, स्कॅनमध्ये 895.5 ला सोडियम अॅडक्ट (सोडियम चिकटलेला आयन) ठसठशीत दिसतो, लोक तोच प्रिकर्सर (फोडायचा मूळ आयन) घेतात, पण सोडियम अॅडक्ट सहजासहजी फुटत नाही. मोबाइल फेजमध्ये अमोनियम फॉर्मेट घाला, 890.5 चा अमोनियम अॅडक्ट पकडा, तो 567 आणि 305 ला छान फुटतो. तसंच नुसतं पाणी गेलेला, 18 ने कमी झालेला प्रॉडक्ट आयन उंच असला तरी शक्यतो टाळा, मॅट्रिक्समधल्या कशाचंही पाणी जातं. क्लीन सॉल्व्हंटमध्ये दुसऱ्या नंबरवर असलेला ट्रान्झिशन द्राक्षाच्या अर्कात पहिला ठरतो हे कायम होत असतं, म्हणून निवड ब्लँक मॅट्रिक्स (कीटकनाशक नसलेला अर्क) इंजेक्ट करून करायची.

'सोर्स एकदा सिरिंजने ट्यून केला की झालं'

सिरिंजमधून जातात मिनिटाला 10 मायक्रोलिटर, अर्धं मेथॅनॉल. रनमध्ये जातात 400 मायक्रोलिटर, आणि सुरुवातीला त्यात 90 टक्के पाणी. दोन्हीला एकच टेंपरेचर आणि एकच गॅस फ्लो कसा पुरेल? टी-जॉइंट लावा, एलसीचा फ्लो चालू ठेवा, मॉलिक्यूल ज्या कंपोझिशनला बाहेर पडतो ती लावा आणि मग टेंपरेचर, गॅस, कॅपिलरी व्होल्टेज बघा. सगळ्यांना एकच सोर्स सेटिंग द्यावी लागते हे मान्य, तेव्हा ती यादीतल्या सगळ्यात कमजोर मॉलिक्यूलकडे बघून ठरवा, जे दणकट आहेत ते कसेही येतात.

'हाय रेझोल्यूशन मशीनवर रेझोल्यूशन फुल्ल, रेंज 50 ते 2000'

ऑर्बिट्रॅप या प्रकारच्या हाय रेझोल्यूशन मशीनवर रेझोल्यूशन वेळ देऊन विकत घ्यावं लागतं. क्यू एक्झॅक्टिव्हसारख्या ऑर्बिट्रॅपला एम/झेड (आयनचं वस्तुमान भागिले भार) 200 वर 17,500 ला सेकंदाला साधारण 12 स्कॅन मिळतात, 70,000 ला 3, आणि 1,40,000 ला दीड. म्हणजे आपल्या 6 सेकंदांच्या पीकला कमाल रेझोल्यूशनवर 9 स्कॅन, आणि त्यात एमएस-एमएस (आयन फोडून तुकडे बघणं) करायचं असेल तर उरलं काय? टॉफवर (आयनच्या उड्डाणाच्या वेळेवरून वस्तुमान काढणारा दुसरा प्रकार) हा हिशोब वेगळा, तिथे रेझोल्यूशन स्कॅनच्या वेगाशी असं बांधलेलं नसतं, त्यामुळे 'हाय रेझोल्यूशन मशीन' म्हणून सरसकट एक नियम होऊच शकत नाही.

मेसेजच्या बाजूने लोक एनडीएमएचं (औषधांत सापडलेली, कॅन्सरचा धोका असलेली अशुद्धी) उदाहरण देतात आणि ते उदाहरण खरंच चांगलं आहे. 2020 मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या औषधाच्या काही नमुन्यांत बाहेरच्या एका लॅबने एनडीएमए जास्त दाखवला होता त्याला डीएमएफ या सॉल्व्हंटचा हातभार होता. एनडीएमएचा आयन 75.0553, डीएमएफचा स्वतःचा 74.0600, पण डीएमएफमधल्या नायट्रोजन-15 वाल्या रेणूंचा येतो 75.0571. नायट्रोजन-15 निसर्गात 0.37 टक्केच, पण डीएमएफ भरपूर असेल तर तेवढा पुरतो. फरक 1.8 मिलिडाल्टनचा, वेगळे दिसायला निदान 42,000 रेझोल्यूशन हवं.

तरीही 1,40,000 लागत नाही. ऑर्बिट्रॅपचं रेझोल्यूशन खालच्या वस्तुमानाला वाढतं, 200 वर 35,000 ठेवलं तर 75 वर ते साधारण 57,000 होतं, 17,500 ला मात्र 29,000 च्या आसपास राहून घोटाळा होतो. म्हणजे कुठले दोन आयन वेगळे करायचेत ते आधी माहीत असेल तर आकडा कागदावर काढता येतो. आणि सगळ्यात पक्का उपाय कॉलमवर डीएमएफ आणि एनडीएमए वेगळे करणं हाच, शिवाय मास एक्स्ट्रॅक्शनची विंडो आवळून ठेवणं.

50 ते 2000 चं तर काय बोलावं, क्यू एक्झॅक्टिव्हवर वरचं टोक खालच्याच्या 15 पटीपेक्षा जास्त ठेवता येत नाही, 50 पासून सुरू केलं तर 750 ला थांबावं लागतं. साध्या क्वाडवर ही रेंज चालते, पण 100 ते 600 ऐवजी 50 ते 2000 स्कॅन केलं तर त्याच वेळात प्रत्येक वस्तुमानाच्या वाट्याला चौथाईच वेळ येतो.

शेवटी मेसेजमध्ये म्हटलंय की सगळ्या मेथडना एकच सेटिंग असली की ऑडिट सोपं जातं. लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचं असेसमेंट आयएसओ 17025 या लॅबच्या मानकावर होतं आणि त्यात मेथड तुमच्या मशीनवर, तुमच्या मॅट्रिक्समध्ये चालते याचा पुरावा मागतात. कुठला आकडा का निवडला याचं रॅम्पचं प्रिंट, सायकल टाइमचा हिशोब आणि मॅट्रिक्समधली सहा इंजेक्शनं फाइलला लावलेली असतील तर असेसरने स्मूथिंग काढून रॉ डेटा उघडायला सांगितला तरी काही वाटत नाही.