शेवउसळ, लक्षद्वीप आणि ‘स्पष्टवक्ता’ यांना उत्तर

लक्षद्वीपच्या पंचायतींकडे शाळा, शेती, मासेमारी अशी कामं द्यायची असतील तर त्यासोबत पैसा आणि माणसंही द्या, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर ‘स्पष्टवक्ता’ या नावानं एक प्रतिक्रिया आली. थोडक्यात ती अशी: आजी, बडोद्याच्या दांडिया बाजारात बसून शेवउसळ खात समुद्रातल्या बेटांचा कारभार शिकवणं सोपं असतं. ज्यांना स्वतःचा कर गोळा करता येत नाही त्यांनी दुसऱ्याच्या पैशावर कारभार का करावा? पंचायत डॉक्टर कुठून आणणार? पैसे खिशात जातील ते वेगळंच. आणि लेख कंटाळवाणा आहे.

शेवटचं आधी घेते. लेख लांबला, मान्य. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांमधल्या फेरीबोटींवर इतकं लिहायची गरज नव्हती.

आता ‘आजी’. मला आजी म्हणायला घरात नातवंडं आहेत आणि ती तुमच्यापेक्षा बरं बोलतात. अनोळखी बाईला पहिल्याच वाक्यात वय दाखवून द्यायचं आणि वर स्वतःला स्पष्टवक्ता म्हणवून घ्यायचं, तेही नाव लपवून! शेवउसळ म्हणाल तर डॉक्टरांनी वरची तिखट तेलाची तर्री बंद केल्यापासून मी ती खातच नाही. आणि खाल्ली असती तरी पंचायतीच्या अंदाजपत्रकाशी तिचा काय संबंध?

बडोद्यात बसून बेटांबद्दल बोलायचं नाही हा नियम कोणी केला, तेही कळू द्या. बेट द्वारका आणि सगळं ओखामंडळ 1949 मध्ये विलीनीकरण होईपर्यंत बडोदा संस्थानात होतं. तिकडचे कागद या शहरात येत आणि इथले मराठी कारकून त्यावर शेरे मारत. माझे आजोबा त्यांतलेच एक. लांबून बेट चालवणं म्हणजे काय, हे आमच्या घरात तुमच्या प्रतिक्रियेच्या बरंच आधीपासून माहीत आहे.

मुद्द्याचं वाक्य तुमच्या प्रतिक्रियेत एकच आहे, ते कराचं. तर ऐका.

शेवउसळीची एवढी आठवण होते म्हणजे तुम्ही बडोद्याचेच असणार. आपल्या महानगरपालिकेची जकात 2007 मध्ये गेली. तेव्हापासून तिच्या बदल्यात राज्य सरकारचं अनुदान येतं. म्हणजे आपलं हे लाखोंच्या वस्तीचं शहरही काही अंशी ‘दुसऱ्याच्या पैशावर’ चालतं. मग नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा उद्या गांधीनगरला नेऊन ठेवायच्या का? तुम्हीच पहिले मोर्चात असाल.

लक्षद्वीपला कर बसवायचा तरी कशावर? वस्तीची बेटं 10, सगळी मिळून जमीन सुमारे 32 चौरस किलोमीटर, 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 64,473. नारळ आणि ट्यूना, यांवर मुख्य पोट. तिथे विधानसभा नाही. लोकांनी निवडून दिलेला एक खासदार, आणि त्याखाली थेट जिल्हा पंचायत व द्वीप पंचायती. बाकी सगळं केंद्रानं नेमलेल्या प्रशासकाच्या हाती. आपल्याकडे पंचायत बिघडली तर आमदाराच्या दारात जाता येतं, तिथे ते दारच नाही.

माणसं थोडी म्हणून कारभार झेपणार नाही, असाही तुमचा सूर आहे. ऑर्कनी, शेटलंड आणि पश्चिमेकडची बेटं, स्कॉटलंडच्या या तीन बेटसमूहांना 1975 पासून स्वतःच्या परिषदा आहेत. एकेकीची लोकसंख्या वीस ते तीस हजारांच्या मधली, म्हणजे लक्षद्वीपच्या निम्मीही नाही. शाळा, रस्ते, वृद्धांची देखभाल त्या बघतात. त्यांचाही मोठा खर्च सरकारी अनुदानातूनच भागतो आणि बेटाबेटांतल्या बोटींचे पैसे कोणी द्यायचे यावरून एडिंबरातल्या स्कॉटिश सरकारशी ऑर्कनी आणि शेटलंडची वर्षानुवर्षं हुज्जत चालू आहे. पण ती हुज्जत घालायला निवडून आलेली माणसं आहेत, हे महत्त्वाचं. ‘कर कमी म्हणून शाळा परत द्या’ असं त्यांना कोणी म्हणत नाही.

हे मी पुस्तकं वाचून लिहिते असं तुम्हाला वाटत असेल. माझी सगळी नोकरी स्थानिक संस्थांच्या हिशेबतपासणीत गेली आहे. एका तालुक्याच्या गावची पाणीयोजना वरच्या खात्यानं नगरपालिकेच्या गळ्यात घातली. हस्तांतराच्या कागदावर पंप, टाकी, पाइप सगळं होतं. पंप चालवणारा माणूस मात्र खात्याच्या आस्थापनेवर, त्याची बदली झाली. विजेचं बिल नगरपालिकेवर आलं. मी पंपाची नोंदवही उघडली. हस्तांतरापर्यंतची पानं कळकट, तेलाच्या बोटांची, वेळा रोज वेगळ्या. पुढची पानं कोरी करकरीत आणि प्रत्येक दिवशी ‘सकाळी 6 ते 10’, एकाच पेनानं, एका बैठकीत लिहिलेलं. अनुदान आलं ते मार्च संपता संपता, आणि उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा खर्च झाल्याचा दाखला, मात्र 31 मार्चच्या तारखेचं. मी आक्षेपात लिहिलं होतं की माणूस न देता काम दिलं, हा दोष देणाऱ्याचा. वरिष्ठांनी ते खोडून ‘नगरपालिकेची अकार्यक्षमता’ असं केलं. तुमचं वाक्य वाचल्यावर मला ती लाल शाई आठवली. स्वयंपाक सुनेनं करायचा, कोठीची किल्ली सासूच्या कमरेला, आणि भाजी अळणी झाली की गावभर बोभाटा सुनेचा. ही तऱ्हा मी कागदावर पुष्कळदा पाहिली आहे.

लक्षद्वीपला तर किल्लीबरोबर स्वयंपाकघरही काढून घेतलं. 1994 च्या नियमावलीनं तिथे पंचायती आल्या. पुढे शिक्षण, आरोग्य, शेती, पशुसंवर्धन, मत्स्यव्यवसाय ही खाती जिल्हा पंचायतीच्या देखरेखीखाली आली. 5 मे 2021 च्या आदेशानं प्रशासकांनी ती पाचही परत घेतली. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी 29 विषय आहेत, पण ‘देता येतील’ अशा भाषेत. दिलेलं परत घेणं त्यामुळे किती सोपं होतं ते बघा. पंचायतींनी वाईट कारभार केला असेल तर तसा हिशेब मांडा, मी तपासायला बसते. हिशेब न मांडता खाती उचलून नेली की उद्या शाळेत मास्तर नाही म्हणून तिथल्या राजधानीतल्या, कवरत्तीच्या बाईनं कोणाला विचारायचं? तुम्हाला?

डॉक्टरांबद्दल: गंभीर रुग्ण हेलिकॉप्टरनं कोचीला न्यावा लागतो, तो पंचायतीनं न्यावा असं मी कुठेही लिहिलेलं नाही. लेख पुन्हा वाचा, कंटाळा आला तरी. स्कॉटलंडमध्येही दवाखाने परिषदेकडे नाहीत.

खिशांबद्दल बोलायला मला वेळ नाही. खिसे मंत्रालयातही असतात, आणि तिथले तपासायला जास्त लांब जावं लागतं.

लेखातली फेरीबोटींची जागा मी आज कमी केली आहे, बाकी मजकूर आहे तसाच राहील. तुमची पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावानं आली तर छापेन. ‘आजी’ तेवढं वगळून.