‘चेनवरचा डेटा आहे, म्हणजे बरोबरच’? जरा थांबा

हॅकेथॉनचा, म्हणजे सलग जागून ॲप बनवायच्या स्पर्धांचा, मोसम आला की कॉलेजांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर साधारण असा: ब्लॉकचेनवरचा (अनेक संगणकांनी मिळून राखलेल्या व्यवहारांच्या वहीतला) डेटा सगळ्यांना खुला असतो, कुणाला खोडता येत नाही, इंडेक्सरवर (चेनवरच्या नोंदी लावून ठेवणाऱ्या सेवेवर) एक क्वेरी मारा, येईल ते खरंच असतं आणि लाइव्ह असतं, बॅकएंडची (स्वतःच्या सर्व्हरची) गरज नाही, रात्रभरात डॅशबोर्ड तयार. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण त्यावर विसंबलेली मुलं पहाटे चारला मेंटरच्या टेबलापाशी येतात, आणि त्या टेबलामागे बऱ्याचदा मी बसलेलो असतो.

‘डेटा खुला आहे.’ मान्य. पण खुला आहे म्हणून हवं ते विचारता येतं असं नाही. अमुक पत्त्यावर (चेनवरच्या खात्यावर) हे टोकन (चेनवरचं एखादं चलन) किती आहे, ते इथेरियम या ब्लॉकचेनचा नोड, म्हणजे तिची प्रत ठेवणारा संगणक, लगेच सांगतो. हे टोकन कुणाकुणाकडे आहे, ते मात्र त्याला सांगता येत नाही, कारण टोकनचा प्रोग्राम (कॉन्ट्रॅक्ट) ज्या सॉलिडिटी भाषेत लिहितात, तिच्या मॅपिंग नावाच्या कोष्टकात चाव्यांची, म्हणजे इथे पत्त्यांची, यादीच नसते. पत्ता द्या, आकडा घ्या, एवढाच व्यवहार. यादी हवी असेल तर जुने लॉग (व्यवहार होताना कॉन्ट्रॅक्टने केलेल्या नोंदी) चाळून ती आपण उभी करायची. हे काम इंडेक्सर करतो, आणि ३६ तासांच्या स्पर्धेत ते त्याच्याकडूनच करून घ्यावं. इथवर त्या मेसेजशी माझं भांडण नाही.

‘येईल ते खरंच असतं.’ गोम इथे आहे. मी मुलांना सातबाऱ्याचा दाखला देतो. जमीन कुणाची ते सातबाऱ्यावर दिसतं, पण त्यावरचं नाव बदलतं ते फेरफारावरून. फेरफार नोंदवलाच नाही तर आजोबा जाऊन दहा वर्षं झाली तरी उताऱ्यावर नाव त्यांचंच. कॉन्ट्रॅक्टमधून निघणारे इव्हेंट (लॉगमधल्या नोंदी) हे असे फेरफार, आणि सबग्राफ, म्हणजे काय वाचायचं ते इंडेक्सरला सांगणारा प्रोग्राम, त्यांच्यावरून उतारा लिहितो. कोणते फेरफार धरायचे, कुठल्या ब्लॉकपासून (चेनच्या वहीतल्या पानापासून) धरायचे, हे सबग्राफ लिहिणारा माणूस ठरवतो. तो चुकला की चेन बरोबर असूनही उतारा चुकतो.

एका टीमने रॅप्ड इथर (इथेरियमचं चलन इथर भरून मिळणारं तेवढंच टोकन) कुणाकडे किती आहे ते दाखवणारा डॅशबोर्ड केला होता. दिसायला देखणा, फक्त कित्येक पत्त्यांची शिल्लक उणे! टोकन कधी उणे होत नाही, तेव्हा चूक निदान लपून तरी राहिली नाही. त्यांनी फक्त ट्रान्सफर हा इव्हेंट वाचला होता. पण इथर भरून रॅप्ड इथर घेतलं की त्या कॉन्ट्रॅक्टमधून ट्रान्सफर निघत नाही, डिपॉझिट निघतो. परत इथर घेतलं की विथड्रॉवल. म्हणजे जमेची बाजू वाचलीच नव्हती. वर वाचन सुरू केलं होतं आदल्या दिवशीच्या ब्लॉकपासून, म्हणून त्याआधीची शिल्लकही हिशेबात नाही.

ही तरी पकडता येणारी चूक. लिडो या सेवेच्या स्टेक्ड इथरमध्ये (चेन राखण्यासाठी गुंतवलेल्या इथरच्या बदल्यात मिळणाऱ्या टोकनमध्ये) बक्षिसं जमा होतात तशी प्रत्येकाची शिल्लक आपोआप बदलते आणि प्रत्येकाच्या नावे ट्रान्सफर निघत नाही. तिथे बेरीज-वजाबाकी करून आलेला आकडा थोडासाच चुकतो, त्यामुळे कुणाच्या डोळ्यांत येत नाही. साधं इथर एका कॉन्ट्रॅक्टमधून दुसरीकडे गेलं तर त्याचा लॉगच नसतो.

किरकोळ खड्डे अजून आहेत. सबग्राफ चालवणाऱ्या द ग्राफ या सेवेवर मर्यादा न सांगता क्वेरी मारली तर १०० नोंदी येतात, सांगितली तरी एका वेळी जास्तीत जास्त १०००. ‘आमच्या डीएओत बरोबर १०० मतदार आहेत’ असं सादरीकरण मी ऐकलं आहे (डीएओ म्हणजे चेनवर मतदान घेऊन चालणारी संस्था). चेनवर आकडा पूर्णांकातच असतो, दशांशचिन्ह आपण भागून लावायचं: यूएसडीसी या टोकनला ६ दशांश, डाय या टोकनला १८. दोन्हींना एकच भागाकार लावला की कुणीतरी फुकटचा अब्जाधीश होतो.

‘लाइव्ह असतं.’ इथेरियमवर दर १२ सेकंदांनी ब्लॉकची पाळी येते, पण तो पक्का व्हायला साधारण १३ मिनिटं लागतात. तोवर तो मागे फिरू, म्हणजे रद्द होऊ, शकतो. २५ मे २०२२ रोजी बीकन चेनवर (इथेरियमच्या तेव्हाच्या समांतर चेनवर) ७ ब्लॉक असे मागे फिरले होते. इंडेक्सर आपली नोंद दुरुस्त करतो. तुमच्या बॉटने ‘पैसे आले’ म्हणून पाठवलेला मेसेज कोण दुरुस्त करणार? शिवाय इंडेक्सर स्वतःच मागे पडलेला असू शकतो. तो कुठल्या ब्लॉकपर्यंत पोचला हे त्याच क्वेरीत विचारता येतं. विचारत कुणीच नाही.

‘कुणाला खोडता येत नाही.’ चेन नाही खोडता येत, पण तिच्याकडे जायचं दार बंद होतं. द ग्राफची जुनी होस्टेड सेवा जून २०२४ मध्ये बंद झाली आणि तिच्यावर उभे असलेले जुने डेमो आज उघडतात ते रिकामे. ११ नोव्हेंबर २०२० रोजी इतरांना नोड पुरवणाऱ्या इन्फुरा या कंपनीचे काही नोड जुन्या आवृत्तीमुळे चेनच्या वेगळ्याच फाट्यावर गेले, आणि काही क्रिप्टो एक्सचेंजना इथर काढणं-भरणं थांबवावं लागलं. चेन तेव्हाही चालू होती.

बॅकएंड नको म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो: ब्राउझरमध्ये ठेवलेली एपीआय-की (सेवा वापरायची तुमची किल्ली) पाहुण्यांनाही दिसते. निदान ती आपल्या डोमेनपुरती बांधून ठेवा.

आणि टेबलापाशी आलेल्या प्रत्येक टीमला मी एकच उद्योग लावतो. पाच पत्ते निवडा, त्यांची शिल्लक थेट कॉन्ट्रॅक्टला विचारा, पण सबग्राफ ज्या ब्लॉकवर आहे त्याच ब्लॉकची. आणि दोन्ही आकडे शेजारी मांडा. रॅप्ड इथरवाल्यांचे पाचपैकी पाच चुकले. हे कॉन्ट्रॅक्ट २०१७ पासूनचं, ते सगळं सकाळपर्यंत वाचून होणं शक्य नव्हतं. मग त्यांनी डिपॉझिट आणि विथड्रॉवल जोडले, ‘शिल्लक’ हा शब्द काढून ‘गेल्या २४ तासांतली आवक-जावक’ असं लिहिलं, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत ब्लॉकचा क्रमांक टाकला. परीक्षकांनी पहिला प्रश्न त्या क्रमांकाबद्दलच विचारला.