यार्मूक जिंकूनही काय झालं असतं?

सीरियाजवळची यार्मूकची लढाई (636) अरबांऐवजी बायझंटाईनांनी (म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याने) जिंकली असती तर अरब कायमचे वाळवंटात परतले असते, हा 'जर-तर'च्या इतिहासावरच्या लेखातला निष्कर्ष मला पटला नाही. कारण त्यांचा पराभव आधी झालाच होता! 634 मध्ये फुरात नदीकाठच्या 'पुलाच्या लढाई'त इराणी हत्तींनी अरब सैन्याची दाणादाण उडवली, सेनापती अबू उबैद हत्तीच्या पायाखाली गेला, माघार घेताना कितीतरी जण नदीत बुडाले. तरी दोन-चार वर्षांत तेच अरब आजच्या इराकमधल्या कादिसियाला इराण्यांसमोर उभे ठाकले आणि जिंकले.

खरं दुखणं वेगळं होतं. 602 ते 628 अशी सव्वीस वर्षं बायझंटाईन आणि सासानी (इराणचं राजघराणं) एकमेकांना ओरबाडत होते. दोन्ही खजिने रिकामे, त्यात प्लेगच्या साथी. इजिप्त-सीरियातले बरेच ख्रिस्ती धर्ममतावरून बायझंटाईन राजधानी कॉन्स्टँटिनोपलवर नाराज. बायझंटाईन सम्राट हेराक्लियस जिंकला असता तरी पुढच्या फौजेचा पगार कुठून देणार होता?

म्हणून 'जर-तर'साठी मला 717-18 चा कॉन्स्टँटिनोपलचा वेढा जास्त महत्त्वाचा वाटतो. तिथे ग्रीक अग्नी (पाण्यावरही जळणारं द्रव शस्त्र), कडाक्याची थंडी आणि बल्गारांची मदत यांमुळे अरब खरोखर हरले, आणि साम्राज्य पुढे सात शतकं टिकलं.

आणि आपल्याकडचं उदाहरण लेखात यायलाच हवं होतं. नवसारीच्या 739 च्या ताम्रपटात चालुक्य अवनिजनाश्रय पुलकेशीने 'ताजिक' म्हणजे अरब सैन्याला हरवल्याचं कोरलेलं आहे. दख्खनच्या उंबरठ्यावरची ही लढाई आपल्या शाळेत कुणी शिकवलीच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.